लोकल फंडाचा आणा आणि मुलांची पाटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काळेवाडीत सकाळी सात ते आठ या वेळात रस्ता ओलांडणं ही एक कसरतच असते. एकीकडून पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांच्या मोटारसायकली, दुसरीकडून मुलांनी खच्चून भरलेल्या रिक्षा आणि शाळांच्या पिवळ्या बस. गणवेशांवरून नजर फिरवली तरी कळतं, की एकाच गल्लीतली ही मुलं किती वेगवेगळ्या दारांत उतरणार आहेत. कुणी महापालिकेच्या मराठी शाळेत, कुणी उर्दू माध्यमाच्या, कुणी मिशनच्या इंग्रजी शाळेत, तर कुणी फाटकावरच 'संस्कार' हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या खासगी शाळेत. इथून वीसेक किलोमीटरवर आळंदी. तिथली मुलं याच वेळी कपाळावर गंध-बुक्का लावून काकड्याहून परतलेली असतात.

मी या भागात राहतो आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पवनेच्या काठची ही वाडी पन्नास-साठ वर्षांपूर्वी खरोखरच वाडी होती, हे आज सांगूनही पटत नाही. शेजारी पिंपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, मग हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, टेल्को आली, बजाज आली. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली, ऑक्टोबर १९८२ मध्ये महानगरपालिका. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधूनही माणसं पोटासाठी आली. प्रत्येकानं आपला देव बरोबर आणला आणि मुलंही आणली. देवाची सोय ज्यानं त्यानं वर्गणी काढून केली. मुलांच्या शाळेची सोय करायची कुणी?

मूल शिकवणं ही जबाबदारी कुणाची, हा एक प्रश्न. शाळेत धर्माला जागा किती, हा दुसरा. आपण या दोन्ही प्रश्नांवर वेगवेगळ्या सभांमध्ये भांडतो. मात्र महाराष्ट्राच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकाच दोरीनं बांधलेले दिसतात. ती दोरी म्हणजे पैसा. सर्वांकडून गोळा केलेला पैसा.

पेशवाईत शिक्षणाला सरकारी पैसा मिळत नव्हता असं नाही. पण तो मिळायचा दक्षिणेच्या रूपानं, श्रावणात, शास्त्री-पंडितांना. रयतेची मुलं पंतोजीच्या ओसरीवर धुळाक्षरं गिरवत आणि त्याचा मोबदला आईबाप धान्यात किंवा पैशात देत. ज्यांना परवडत नव्हतं आणि ज्यांना ओसरी चढायचीच मुभा नव्हती, त्यांचा विचार कुणी करत नव्हतं. इंग्रजी अंमल आल्यावर एलफिन्स्टनसाहेबानं जुन्या लोकांना दुखवायचं नाही म्हणून दक्षिणा चालू ठेवली. तिच्याच पैशांतून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिथे वेद-शास्त्रं शिकवत आणि विद्यार्थी घेत फक्त ब्राह्मण. दक्षिणेचा हा पैसा येत होता सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर शेतसाऱ्यातून. कुणबी सारा भरणार आणि त्यातून ज्या विद्येच्या वाऱ्यालाही त्याच्या मुलाला उभं करत नाहीत ती विद्या पोसली जाणार, असा तो हिशेब होता.

हा हिशेब प्रथम खटकला तो पुण्यातल्याच तरुणांना. दक्षिणा फंडातला काही पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी खर्च करावा, असा अर्ज १८४९ मध्ये त्यांनी केला. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत जोतीराव फुले होते. गंमत अशी, की पुढे याच दक्षिणा फंडातून फुल्यांच्या मुलींच्या शाळांना मदत मिळाली. श्रावणातल्या दक्षिणेचा पैसा मुलींच्या पाटी-पेन्सिलीपर्यंत पोचायला तीसेक वर्षं लागली.

दरम्यान मिशनरी आले होते. त्यांच्या शाळांचं ऋण नाकारणं कृतघ्नपणा होईल. फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जिथे कुणी दार उघडत नव्हतं तिथे त्यांनी दार उघडलं. पण त्या दारातून आत गेल्यावर बायबल होतं आणि मिशनरी ते लपवतही नव्हते. मुंबईत १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी धर्म बदलला तेव्हा डॉ. विल्सन यांची शाळा ओस पडली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचं प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं मुलाला बापाच्या हवाली केलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावरून शहर दुभंगलं. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला. मिशनरी, बाप, जात आणि कोर्ट अशा चौघांनी त्या पोरावर हक्क सांगितला. त्याला काय शिकायचं होतं, हे विचारल्याचं कुठं दिसत नाही.

अशा प्रकरणांनी सरकार सावध झालं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं ठरवलं, की सरकारी शाळांत धर्मशिक्षण द्यायचं नाही आणि खासगी शाळांना, त्या मिशनच्या असोत वा इतरांच्या, त्यांच्या धर्मशिक्षणात न शिरता ऐहिक शिक्षणापुरतं अनुदान द्यायचं. बायबल शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला हरकत नव्हती. एखाद्या मुलानं शाळेच्या वेळेबाहेर आपणहून विचारलं, तर मास्तरनं उत्तर द्यायलाही हरकत नव्हती. कारकुनी काटेकोरपणा म्हणतात तो हा! पण अनुदानित शाळा नावाची जी चीज आज महाराष्ट्राच्या गावोगावी आहे, तिचं मूळ इथे आहे.

सरकारनं धर्म शाळेबाहेर ठेवला खरा. पण धर्माच्या नावानं चालणारी जात शाळेच्या दारातच उभी होती. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत त्याला प्रवेश नाकारला होता. सरकारनं काय उत्तर द्यावं? तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडायची का? म्हणून प्रवेश नाही. हे उत्तर वरच्या दरबारी मात्र पटलं नाही. कलकत्त्याहून नापसंती आली, पुढे लंडनहूनही आली. अखेर १८५८ मध्ये मुंबई सरकारनं जाहीर केलं, की ज्या शाळा पूर्णपणे सरकारी खर्चानं चालतात त्या सर्व वर्गांच्या प्रजेला खुल्या राहतील, आणि ज्या अंशतः सरकारी मदतीवर चालतात तिथे जातीमुळे कुणाला नाकारलं तर मदत बंद करण्याचा हक्क सरकार राखून ठेवील.

हा ठराव मी वर्गात मुद्दाम सांगत असे. त्या मुलाचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. पण 'पैसा सर्वांचा, तर दार सर्वांना' हे तत्त्व आपल्याकडे सरकारी कागदावर आलं ते त्याच्या अर्जामुळे. एरवी ते कधी आलं असतं, देव जाणे.

कागदावर आलं म्हणून व्यवहारात आलं असं समजू नका. १८५८ च्या ठरावानंतर चार दशकं उलटली आणि १९०० मध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत एक मुलगा दाखल झाला. तो घरून गोणपाटाचा तुकडा घेऊन जायचा, त्यावर वेगळा बसायचा आणि संध्याकाळी तो परत घेऊन यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे. तहान लागली तर शिपाई हजर असेल तरच पाणी. त्या मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. ते पुढे राज्यघटना लिहायला बसले, तेव्हा सरकारी शाळा म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता शीर्षकातल्या आण्याकडे येतो. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात 'लोकल फंड' सुरू झाला. जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी. तिच्यातला एक तृतीयांश शाळांसाठी, बाकीचा रस्ते वगैरे कामांसाठी. हवेली आणि मावळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांनीही ही पट्टी भरली. आज जिथे आपल्या सोसायट्या उभ्या आहेत, त्या ज्वारी-बाजरीच्या रानांवरही तो आणा बसला होता.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोग आला, तेव्हा फुल्यांनी त्याच्यापुढे आपलं निवेदन ठेवलं. हे निवेदन मी दरवर्षी एकदा तरी वाचतो. त्यात भावनेचा पूर नाही, जमाखर्च आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, लोकल फंडही तीच भरते. मग खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळांची ही दशा का? निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. हिंदुस्थानात इतक्या स्पष्टपणे ती आधी क्वचितच कुणी केली असेल.

आणि शिकवायचं काय? फुल्यांनी यादी दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे काही धडे. या यादीत 'नीती' आहे, 'धर्म' नाही. फुले काही नास्तिक नव्हते. निर्मिक मानणारे, सत्यशोधक समाज स्थापन करणारे होते. धर्माबद्दल त्यांच्याइतकं कळकळीनं लिहिणारे त्या काळात मोजकेच. तरी रयतेच्या आण्यातून चालणाऱ्या शाळेत त्यांनी पोथी मागितली नाही. सारा मोजणारा तलाठी आपली लूट करतो हे कळण्याइतका हिशेब मुलाला आला पाहिजे, ही त्यांची निकड होती.

आयोगानं सक्तीची मागणी मानली नाही. प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या गळ्यात टाकल्या. या संस्थांकडे जबाबदारी आली, पैसा आला नाही. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत आपलेही लोक होते. गुरं राखायला पोरं मिळायची नाहीत, हे त्यांचं दुःख.

ब्रिटिश मुलखात हे अडलं होतं, तेव्हा दोन मराठी संस्थानिकांनी करून दाखवलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात सक्ती आणली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. शेतमजुराच्या घरी एक रुपया ही चेष्टा नव्हती. पण दंडाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे शाळा उघडण्याची आणि त्यासाठी तिजोरी मोकळी करण्याची जबाबदारी दरबारानं स्वतःवर घेतली. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला.

शाहू महाराजांच्या धोरणात एक वरवर विसंगत गोष्ट दिसते आणि ती मला नेहमी विचारात पाडते. वसतिगृहं त्यांनी जातीवार आणि धर्मवार काढली किंवा त्यांना मदत केली. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मोहमेडन बोर्डिंग, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. म्हणजे मुलानं राहावं आपल्या लोकांत, जेवावं आपल्या पद्धतीनं, प्रार्थना करावी आपल्या देवाची. पण शाळेत बसावं सर्वांबरोबर. ज्या काळात दुसऱ्या जातीच्या पंक्तीला बसायचं म्हणून मूल शहरात पाठवायलाच लोक तयार नव्हते, त्या काळात ही व्यवहारी तोड होती. कर्मवीर भाऊराव पाटील त्यापुढे गेले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था निघाली, आणि साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुलं एका पंक्तीत जेवू लागली.

तेच १९१७ साल आपल्या शेजारच्या आळंदीतही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी विष्णुबुवा जोग यांनी तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, विचारसागर, जोडीला गायन आणि पखवाज, असा चार वर्षांचा अभ्यासक्रम. राहण्याची सोय मोफत, पोट माधुकरीवर. घराण्यांत आणि फडांत अडकलेली परंपरा जोगमहाराजांनी कुठल्याही घरच्या मुलाला मोकळी केली. आज महाराष्ट्रभर गाजणाऱ्या कीर्तनकारांपैकी कितीतरी जण तिथून निघाले.

एकाच वर्षात दोन शाळा. कोल्हापूरची राजाच्या पैशावर चालणारी, सक्तीची आणि ऐहिक. आळंदीची लोकांच्या माधुकरीवर चालणारी, स्वेच्छेची आणि धार्मिक. दोघींमध्ये भांडण नव्हतं. राजानं माधुकरी मागितली नाही आणि बुवांनी सारा लावला नाही, इतकं साधं ते होतं. मला वाटतं, या दोन गोष्टींमधली ही रेघ त्या पिढीला आपल्यापेक्षा नीट दिसत होती.

पुढची पावलं भराभर पडली. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्या ठरावात तळ्याबरोबर शाळाही होती, हे बहुधा विसरतो. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची नयी तालीम आकाराला आली. रोज प्रार्थना करणाऱ्या गांधीजींनी त्या योजनेतून धर्मशिक्षण वगळलं, कारण आज धर्म ज्या रीतीनं शिकवले आणि पाळले जातात, त्यातून एकोप्यापेक्षा तंटेच वाढतील असं त्यांना भय होतं.

घटना समितीत ७ डिसेंबर १९४८ रोजी या विषयावर चर्चा झाली. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत कोणतंही धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, हे कलम आज घटनेत २८ व्या क्रमांकावर आहे. सर्वच धर्मांचं शिक्षण द्यायला काय हरकत आहे, असं काही सभासदांना वाटत होतं. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं ते अगदी जमिनीवरचं होतं. कराचा पैसा एका समाजाच्या धर्मासाठी वापरायचा नाही असं आपण ठरवलं, मग शाळेत त्याला वाट कशी देणार? एकेका गावात इतके पंथ, प्रत्येकाची सोय सरकारनं कशी करायची? आणि माझाच मार्ग खरा असं जिथे प्रत्येक धर्म सांगतो, तिथे वर्गात शांतता कशी राहणार? त्याच वेळी धर्माचा अभ्यास आणि धर्माची दीक्षा यांत त्यांनी फरक केला. ज्ञानेश्वरी हे मराठीचं लेणं म्हणून शिकवणं वेगळं, मोक्षाचं साधन म्हणून शिकवणं वेगळं. अनुदानित शाळांसाठी वुडच्या खलित्याची जुनी वाट थोडी सुधारून ठेवली. धर्मशिक्षण असेल तर असो, पण मूल अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय त्याला त्यात बसवायचं नाही.

आपले शिक्षकही कधी कधी या रेघेवर येऊन अडतात. नाशिककडच्या एका शिक्षकानं शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, त्याची वेतनवाढ अडली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. हात जोडणाऱ्यांनाही यात दुखावण्यासारखं काही नव्हतं, असं माझं मत आहे. सक्तीनं जोडलेल्या हातांचं देवाला तरी काय करायचं?

घटनेनं आणखी एक वचन दिलं होतं. दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. ते मार्गदर्शक तत्त्वांत होतं, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नव्हतं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात हा मूलभूत हक्क मानला, २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी. या कायद्यात शाहू महाराजांच्या एक रुपया दंडासारखं काही नाही. 'सक्ती' या शब्दाचा अर्थच त्यानं बदलला. सक्ती पालकावर आहेच, पण पहिली सक्ती सरकारवर. मूल शाळेत आलं पाहिजे, टिकलं पाहिजे, शिकलं पाहिजे, याची खातरी सरकारनं करायची.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात आलं. धार्मिक संस्थांना खेळाच्या मैदानाचे आणि वर्गखोल्यांचे सरकारी निकष लावू नयेत, हे मी समजू शकतो. जोगमहाराजांच्या संस्थेला सरकारी शाळेचा साचा लावला असता तर ती पहिल्याच वर्षी बंद पडली असती. पण माझा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. सूट संस्थेला मिळाली होती, तिथे राहणाऱ्या मुलाला नव्हे. घटनेच्या २१-अ कलमानं हक्क दिला तो मुलाला. आठ वर्षांचा मुलगा गीतेचे अध्याय पाठ करत असो वा कुराणाचे, त्याला वाचता-लिहिता येणं आणि हिशेब येणं ही सरकारची जबाबदारी त्या दुरुस्तीनं संपत नाही. व्यवहारात मात्र ती संपल्यासारखं वागणं सोपं झालं.

महाराष्ट्रात २०१५ च्या जुलैमध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. राज्यात शाळाबाह्य मुलांची मोजणी होती. ज्या मदरशांत गणित, विज्ञान असे नेहमीचे विषय शिकवले जात नाहीत, तिथली मुलं शाळाबाह्य धरली जातील, असं सरकारनं म्हटलं. दोन दिवसांत सारं राजकारण तापलं. एक बाजू म्हणाली, हा एका समाजावर हल्ला. दुसरी म्हणाली, यांना शिकायचंच नाही. मूळ गोष्ट त्या गदारोळात दबली. जो मुलगा अंकगणित शिकत नाही तो शाळाबाह्य, हे तत्त्व बरोबर होतं. फक्त ते मदरशापाशी सुरू होऊन मदरशापाशीच थांबायला नको होतं. वेदपाठशाळेतल्या, कुठल्याही मठातल्या आणि आश्रमातल्या मुलालाही तीच फूटपट्टी लावायला हवी होती. राज्यातच २०१३ पासून मदरशांत गणित, विज्ञान, भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाची अनुदान योजना होती. म्हणजे वाट माहीत होती.

आळंदीत आज जोगमहाराजांच्या संस्थेशिवाय खासगी वारकरी संस्था गल्लोगल्ली आहेत. आपल्या भागातले कामगारही मुलगा 'वळणावर यावा' म्हणून त्याला तिथे ठेवतात. यातली बरीच मुलं दिवसा नेहमीच्या शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळ हरिपाठ, पखवाज शिकतात. ही व्यवस्था मला चांगली वाटते; शाहू महाराजांच्या बोर्डिंगची आठवण होते. पण नोंद नसलेल्या काही ठिकाणी मुलांचा छळ झाल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत पोलिसांपर्यंत गेल्या आणि अशा संस्थांच्या तपासणीची मागणी आळंदीच्या ग्रामस्थांनीच केली. तपासणी म्हटलं की धर्मात ढवळाढवळ, अशी ओरड लगेच होते. ज्यांच्या गावात ज्ञानोबांची समाधी आहे त्यांना ती तशी वाटली नाही, याची मी नोंद करून ठेवली आहे.

न्यायालयातही ही रेघ अजून हलते आहे. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळा, अनुदानितसुद्धा, शिक्षणहक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं, की धार्मिक संस्था चालवण्याचा हक्क आहेच, पण तिथल्या मुलांच्या शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्य नियमन करू शकतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातल्या एका संस्थेच्या अपिलात, दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाबद्दलच शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवला.

दिल्लीत जे व्हायचं ते होईल. आपल्या हाताशी एक साधी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कुठल्या निकालाची वाट पाहायला नको. शिक्षणहक्क कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतच्या आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचं काम स्थानिक संस्थेवर टाकलं आहे. आपल्याकडे ती संस्था म्हणजे महापालिका. दर वर्षी शिक्षक वस्त्यांमध्ये, बांधकामांवर, झोपड्यांमध्ये फिरून शाळाबाह्य मुलं शोधतात. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत ते आले, तर शेजारच्या धार्मिक संस्थेत राहणाऱ्या मुलांचीही माहिती त्यांना द्या. ती मुलं कोणत्या शाळेच्या पटावर आहेत, एवढंच त्यांना विचारायचं असतं.